टाकीची सावली

१

चित्र पहिल्याच फटक्यात उघडलं, आणि माईला कळलं की इथे चोरी झाली आहे.

हवामान केंद्राच्या तळघरातली संग्रहाची खोली. खिडकी नाही, कपाटांएवढी यंत्रं एकसुरात घुमत असलेली, आणि गारठा असा की शाल पांघरल्याशिवाय बसवत नाही. उपग्रहाकडून आलेली जुनी चित्रं नव्या पद्धतीच्या फाइलींत उतरवायचं काम माईकडे होतं. न उघडणाऱ्या फाइली उघडून देणं हाच तिचा धंदा. एरवी फाइल उघडली की तिच्या जिवाला बरं वाटायचं. आज तिने माऊसवरचा हात काढून घेतला.

पडद्यावर गेल्या वर्षीच्या त्या दिवसाची दुपार होती. समुद्रावर पांढऱ्या ढगांचं वेटोळं, मधोमध वादळाचा डोळा. स्वच्छ, लख्ख.

त्या दुपारी अंदाज देण्याच्या खुर्चीत तिचा थोरला भाऊ एकटाच बसला होता. पडद्यावर चित्रं उमटतच नाहीत, नुसत्या मुंग्या दिसतात, असं तो म्हणत राहिला. इशारा गेला नाही. संध्याकाळची लाँच धक्क्यावरून भरून निघाली आणि परत आली नाही. चौकशीत फाइली उघडून पाहिल्या, तर सगळ्या व्यवस्थित. दादाच्या नावापुढे खोटारडा असा शिक्का बसला, नोकरी गेली. रस्त्यात माणसं त्याला बघून थुंकली. तेव्हापासून दादा घरात खिडकीकडे पाठ करून बसायचा. ज्या माणसाने आयुष्यभर आभाळ वाचलं, त्याला आभाळ नको झालं होतं. आता अपिलाची शेवटची सुनावणी तोंडावर आली होती. ती हरली की तो शिक्का कायमचा.

माई हळू बोलायची, इतकं की समोरच्याला पुढे झुकावं लागे. रोज संध्याकाळी दिवा लावून देवापुढे बसायचा तिचा नेम कधी चुकला नाही. बघणाऱ्याला वाटे, किती सात्त्विक बाई. तिचं मागणं मात्र कुणी ऐकलं नव्हतं. देवा, ज्याने हे केलं तो मला दाखव. आणि त्याच्यावर अशी वेळ आण, की तो खरं बोलेल आणि कुणी त्याचं ऐकणार नाही.

हे काम तिला अण्णाने मिळवून दिलं होतं. अण्णा म्हणजे वहिनीचा सख्खा भाऊ, केंद्राचा उपसंचालक. दादाची नोकरी गेल्यावर घर त्यानेच सावरलं. "माई, तूच तुझ्या डोळ्यांनी बघ त्या फाइली," तो म्हणाला होता. "म्हणजे दादाच्या डोक्यातलं खूळ तरी जाईल."

तिने बघितल्या होत्या. गेल्या कित्येक वर्षांच्या दुपारच्या फाइली तिच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि प्रत्येकीत कुठे ना कुठे एक बारीक काळी पट्टी होती. उपग्रह आभाळातून जाता जाता ओळीमागून ओळ चित्र पाठवतो. केंद्राच्या गच्चीवरच्या तबकडीच्या पश्चिमेला पाण्याची उंच टाकी. दुपारच्या फेरीत उपग्रह क्षणभर त्या टाकीआड जायचाच, आणि तेवढ्या ओळी हरवायच्या. उपग्रहाची वाट रोज थोडी सरकते, म्हणून पट्टी कधी वर, कधी खाली. पण असायची. कच्ची चित्रं हाताळणारे तिला टाकीची सावली म्हणत. साहेबलोकांच्या पडद्यावर चित्र जाताना त्या ओळी आपोआप भरल्या जात, रंग चढत, त्यामुळे त्यांना ती दिसत नसे. चौकशीतही सगळ्यांना तसली रंगवलेलीच चित्रं दाखवली होती.

आणि हे कच्चं चित्र? माईने एकेक ओळ खालपासून वरपर्यंत डोळ्यांत तेल घालून पाहिली.

सावली नव्हती. हे चित्र या केंद्राच्या तबकडीने कधी घेतलंच नव्हतं.

२

तबकडी सांभाळणारे मामा गच्चीवर सावलीला बसून बोल्टांना ग्रीस लावत होते. कुणाचे मामा, कुणास ठाऊक. संचालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मामाच म्हणत.

"मामा, टाकीची सावली कधी चुकते का हो?"

"बायको एखाद्या दिवशी वाढायची विसरेल, टाकी नाही विसरायची." मामा खदखदून हसले. "किती अर्ज केले, टाकी हलवा नाहीतर तबकडी हलवा. साहेब म्हणतात, मामा, तुम्हीच थोडे सरका."

"आणि त्या दिवशी?"

मामांचं हसू तिथल्या तिथे विरलं. कोणता दिवस, हे त्यांनी विचारलं नाही.

"त्या दिवशीही पडली. माझ्या मीटरचा काटा खाली आला, मी पाहिला. बाकी सिग्नल खणखणीत होता. चौकशीत तेवढंच सांगितलं मी."

"तुमच्या त्या तेवढ्यानेच दादाचा गळा कापला."

ती हे इतक्या मऊ आवाजात म्हणाली, की मामांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी ग्रीसचा हात पँटलाच पुसला. "हे बघा माई, मी निवृत्तीला आलोय. सिग्नल चांगला होता तर चांगलाच म्हणणार. खाली गेल्यावर त्याचं काय केलंत ते तुमचं तुम्ही बघा. मला यात ओढू नका."

खाली गेल्यावर. माईने ते शब्द गाठीला बांधले.

घरी दादा नेहमीच्या जागी, पाठ खिडकीला. ती शेजारी बसली. "दादा, मुंग्या म्हणजे नक्की कशा होत्या?"

"पुन्हा तेच?" वहिनी आतून म्हणाली. "आत्ता कुठे जेवायला लागलेत."

दादाने मान वर केली. मग म्हणाला, "काळ्या-पांढऱ्या. वळवळणाऱ्या. पण चिमे, त्या मुंग्यांच्या आड किनारा होता. पुसट, पण होता. मी म्हटलं ना सगळ्यांना. हसले."

किनारा होता. मोडलेल्या फाइलीत किनारा दिसत नाही. माईने लॅपटॉप उघडला. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा उजेड एका आकड्यात लिहिलेला असतो, आणि तो आकडा दोन तुकड्यांत साठवलेला. जुन्या पद्धतीत मोठा तुकडा आधी, बारका नंतर. नव्या पद्धतीत बरोबर उलट. जुन्या क्रमाने आलेलं चित्र नव्या क्रमाने वाचलं तर सगळ्या उजेडाची उलथापालथ होते. तिने एक चांगली फाइल घेतली, तिचे तुकडे मुद्दाम उलटे वाचायला लावले, आणि पडदा दादाकडे वळवला.

दादाने पडद्यावर बोट टेकवलं. "हेच," तो म्हणाला. "हेच गं. हेच होतं."

म्हणजे त्या सकाळी कुणीतरी नवी पद्धत गुपचूप चालू केली होती आणि संध्याकाळनंतर गुपचूप बंद केली होती. तो बदल करायचा परवाना केंद्रात तिघांकडेच होता. मामा, संगणक विभागाचे मास्तर आणि अण्णा.

माईने दिवा लावला. तिघांतला एक, देवा. आता लांब नाही.

३

गुन्हेगार म्हणून तिला मास्तर हवे होते.

मास्तर पूर्वी कॉलेजात शिकवत, म्हणून मास्तर. बोलणं असं की ऐकणाऱ्याला अंगठे धरून उभं राहिल्यासारखं वाटावं. दादा त्यांना वैतागलेला असायचा. त्या दिवशी मुंग्यांची तक्रार दादाने केंद्राच्या आतल्या संदेश-यंत्रावर पुन्हा पुन्हा केली होती. उत्तरं यायची ती 'नियंत्रण कक्ष' अशा मोघम नावाने. यंत्र बंद करून चालू करा. वाट पहा. चित्राशिवाय इशारा देऊ नये. त्यामागे कोण बसलंय ते दिसत नसे, माईने मनाशी तिथे मास्तरांनाच बसवलं होतं, आणि नंतर ते संदेशच राहिले नाहीत. तेव्हा चौकशीत अण्णा डोळे पुसत म्हणाला होता, "माझा मेहुणा आहे हो तो. पण पुरावा नाही म्हणजे घडलं नाही, असंच आपल्याला धरावं लागेल." त्या वाक्यावर निकाल लागला.

मास्तरांच्या टेबलावर तारांचा गुंताडा आणि त्यावर पालथा ठेवलेला कप.

"काय माई, आज देवळाला सुट्टी? इथे फाइली नवसाला पावत नाहीत."

"एक अडली आहे. बघता?"

तिने मुंग्या पुढे केल्या. मास्तरांनी चष्मासुद्धा लावला नाही. "तुकडे उलटे वाचलेत. पोरखेळ आहे." दोन-चार बटणं दाबली, आणि मुंग्या निवल्या. ढग, डोंगर, समुद्र, सगळं जागच्या जागी. "यासाठी एवढ्या लांब आलात?"

"त्या दुपारी दादाच्या पडद्यावर हे होतं, मास्तर."

कप सरळ करायला गेलेला त्यांचा हात थांबला.

"मला का नाही दाखवलं?"

"तुम्हीच म्हणाला असाल, यंत्र बंद करून चालू करा."

"मी?" मास्तर उठून उभे राहिले. "मी असलं अडाणी उत्तर देईन? नव्या पद्धतीची चाचणी झाली नव्हती. मी नाही म्हणून लेखी दिलं होतं. मला त्या दिवशी पलीकडच्या इमारतीत पाहुण्यांसाठी पडदे जुळवायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी तपासणीवाले येणार होते ना, त्यांच्यापुढे नवी पद्धत मिरवायची होती."

"कुणी पाठवलं?"

मास्तर खाली बसले. "ते राहू द्या. माझी नोकरी आहे अजून."

माई बाहेर आली, तेव्हा तिचे कान तापले होते. याच माणसाला तिने मनातल्या मनात वर्षभर बुडवलं होतं, जाळलं होतं. तो नुसता उद्धट निघाला तर तिने एवढ्या रागाचं करायचं काय?

४

लाँचच्या धक्क्यावर ती पहिल्यांदाच गेली. तिकिटं देणारा म्हातारा खिडकीशी पेंगत होता. दादाचं नाव काढताच टक्क जागा झाला.

"त्यांची बहीण? मग बसा. मला कुणी विचारायलाच आलं नाही. आणि खरं सांगू, मीही तोंड उघडलं नाही."

"का?"

"फोन वाजला होता." त्याने खिडकीमागच्या जुनाट फोनकडे बोट केलं. "मी तिकडे दोर सोडत होतो. वारा असा, की टोपी सांभाळू का दोर. धावत आलो, तोवर थांबला. लाँच सुटली. मग फोनच्या काचेवर बघितलं, नंबर तुमच्या हवामानवाल्यांचा. आता हे सांगायचं कसं? म्हणतील, म्हाताऱ्या, उचलला असतास तर."

"पुन्हा वाजला?"

"नाही. एकदाच. दोन-चार घंटा झाल्या आणि गप्प."

माईने घरी येऊन दादाला विचारलं, "त्या संध्याकाळी तू धक्क्यावर फोन केला होतास?"

दादाने मान हलवली. "चित्राशिवाय इशारा नाही, असा निरोप होता. मी निरोप मानला." तो आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. "तेवढं खरं पाप माझं."

मग कुणी केला होता? ज्याने फोन केला, त्याला वादळ येतंय हे माहीत होतं. अंदाजाच्या पडद्यावर तर मुंग्या, आणि एकाच माणसाच्या हाताशी स्वच्छ चित्र.

माई दिव्यापुढे बसली, पण तिला मागणं सुचेना. उत्तर तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं, आणि ते तिला गिळवत नव्हतं.

५

तिने सगळं पुन्हा एकदा, देवापुढे शपथ घ्यावी तसं, मनाशी मांडलं.

तोच उपग्रह शेजारच्या केंद्रालाही चित्रं पाठवतो. खऱ्या फाइली काढून कुणीतरी तिथली चित्रं त्यांच्या जागी ठेवली होती. शेजारच्या तबकडीसमोर टाकी नाही. मामांनी हे केलं असतं तर आधी त्यांत सावली रेखली असती आणि मग झोपले असते. मास्तरांना चित्रं आणायची गरजच नव्हती. मुंग्यांतली माहिती जशीच्या तशी शाबूत होती, तुकडे सरळ केले की खरं चित्र सावलीसकट परत. ते केलं असतं तर जन्मात कुणी पकडलं नसतं. चोर तोच, ज्याला सावलीही माहीत नव्हती आणि मुंग्यांचं औषधही. ज्याने कच्चं चित्र कधी पाहिलं नव्हतं. ज्याला वाटलं, फाइली कायमच्या मेल्या, आता प्रेत बदललं पाहिजे.

अण्णा.

दर आठवड्याला पिशव्या भरून किराणा आणणारा अण्णा. दादाच्या खांद्यावर हात ठेवून सुस्कारे टाकणारा. माईला आपल्या हाताने त्या संग्रहात नेऊन बसवणारा. कारण त्याच्या लेखी ते थडगं पक्कं होतं, आणि ही बाई भोळी.

पण तर्काने माणूस फासावर जात नाही. आणि पुरावा नाही म्हणजे घडलं नाही.

तिने आधी त्या स्वच्छ फाइलीची एक प्रत पाकिटात घालून सुनावणीच्या अध्यक्षबाईंकडे दिली. त्या निवृत्त न्यायाधीश, बोलायला तुटक. "सुनावणीच्या दिवशी फोडा," माई म्हणाली, "त्याआधी नको." त्यांनी पाकिटावर स्वतःच्या हाताने लाखेची मोहर केली.

मग तिने तिघांनाही सारखी संधी दिली. मामांना गच्चीवर सांगितलं, की मी हिशेब केलाय, त्या दुपारी सावली चित्राच्या मधोमध पडायला हवी, आणि संग्रहातल्या फाइलीत ती नाही. मास्तरांना सांगितलं, वरच्या कडेला, डोंगरांवर. दोघांनाही म्हणाली, अजून कुणाला बोलले नाही, सुनावणीत संग्रहातूनच उघडून दाखवणार आहे.

अण्णाला तिने घरी जेवायला बोलावलं.

वहिनी वाढत होती. दादा मुकाट जेवत होता. अण्णाने दोनदा मागून घेतलं.

"माई, संग्रहाचं काम कुठवर आलं?"

"त्या दिवसापाशी अडलंय अण्णा." ती हळू म्हणाली, आणि तो सवयीने पुढे झुकला. "टाकीमुळे आपल्या प्रत्येक दुपारच्या चित्रात एक काळी पट्टी असते. त्या दिवसाच्या चित्रात नाहीये. अगदी खालच्या कडेला, उघड्या समुद्रावर असायला हवी होती. कुणीतरी फाइल बदलली बघा. मी सुनावणीत सगळ्यांसमोर उघडणार आहे."

वहिनीचा हात ताटावर तसाच थांबला. अण्णाने घोट घेतला, घसा खाकरला.

"कुठे म्हणालीस? खालच्या कडेला?"

"हो. समुद्रावर."

"बरं झालं मला सांगितलंस," अण्णा म्हणाला. "आता दुसऱ्या कुणाला सांगू नकोस."

६

सुनावणीची खोली लांबट, टेबल त्याहून लांबट, आणि पंखा डोक्यावर कुरकुरणारा. दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत, वहिनी त्याच्या शेजारी. मास्तर हाताची घडी घालून, मामा घाम पुसत. अण्णा अध्यक्षबाईंच्या उजव्या हाताला, कारण केंद्राच्या बाजूने तोच बोलणार होता.

मास्तरांनी सर्वांसमोर संग्रहातली फाइल भिंतीवरच्या पडद्यावर उघडली. कच्ची, बिनरंगाची.

ढगांचं वेटोळं. वादळाचा डोळा. आणि अगदी खालच्या कडेला, उघड्या समुद्रावर, एक काळी पट्टी.

"ही बघा सावली," अण्णा प्रसन्नपणे म्हणाला. "माईंचा काहीतरी गैरसमज झाला होता. फाइल आपल्याच तबकडीची आहे."

"पाकीट फोडा," माई म्हणाली.

अध्यक्षबाईंनी मोहर तोडली. दुसरी प्रत पहिलीच्या शेजारी उघडली. तोच दिवस, तीच वेळ, तोच ढग. पट्टी नाही.

मामांनीच आधी तोंड उघडलं. "अहो, पण त्या दिवशीची फेरी पार वरून होती. सावली पडणार ती किनाऱ्याच्या वरच्या अंगाला. खाली समुद्रावर कशी उतरेल? टाकी काय पोहायला गेली होती?"

कुणी हसलं नाही. माईने मग तिघांना तीन जागा कशा सांगितल्या ते सांगितलं. आवाज तसाच मऊ. सगळे तिच्याकडे झुकून ऐकत होते, आणि तिला त्या झुकलेल्या मानांचं जे सुख झालं, ते तिने लपवलं नाही.

"हे कुभांड आहे," अण्णा म्हणाला. तोंडचं पाणी पळालं होतं, पण जीभ चालत होती. "मलासुद्धा हिने मधोमधच सांगितलं होतं. हिचा शब्द आणि माझा शब्द. आपल्या भावासाठी ही काहीही करेल."

अध्यक्षबाई माईकडे वळल्या. "त्यांना सांगताना दुसऱ्या कुणी ऐकलं?"

माईने कोपऱ्याकडे पाहिलं. साक्ष देण्याबद्दल तिने वहिनीला विचारलं नव्हतं. विचारायची तिची छातीच झाली नव्हती.

कोपऱ्यात खुर्ची सरकली.

"मी ऐकलं," वहिनी म्हणाली. "मी वाढत होते. खालच्या कडेला, समुद्रावर, असं त्या म्हणाल्या. अण्णाने पुन्हा विचारून खात्री करून घेतली."

"अगं, मी तुझा भाऊ..."

"म्हणूनच तुझ्या ताटात दोनदा वाढलं." वहिनीचा आवाज फाटला. "वर्षभर माझ्या घरी किराणा आणलास, अण्णा. कशाची किंमत देत होतास, ते आज कळलं."

त्यानंतर अण्णा कोसळायला वेळ लागला नाही. हो, तपासणीवाल्यांपुढे मिरवायला नवी पद्धत त्यानेच चालू केली. हो, नियंत्रण कक्षाच्या नावाने उत्तरं त्यानेच दिली, वाटलं, आपोआप नीट होईल. मग बोलता बोलता त्याने टेबलाची कड धरली.

"पण एक ऐका. संध्याकाळी मी शेजारच्या केंद्राकडून चित्रं मागवली. ती बघून हादरलो. मी धक्क्यावर फोन केला होता. वाजला, कुणी उचलला नाही. मग हिंमत गेली. पण मी केला होता. देवाशपथ खरं सांगतोय."

"आता सुचलं?" समितीतला एक सदस्य म्हणाला. मास्तर नाकातून हसले.

"पुरावा?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

अण्णाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शेवटी त्याचे डोळे माईवर थांबले. तिला काय माहीत आहे, याची त्याला कल्पना नव्हती. बुडणारा माणूस काठावरच्या कुणाकडेही बघतो, तसं तो बघत होता.

माईने मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"गेल्या वर्षी याच खोलीत," अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाला होतात. पुरावा नाही म्हणजे घडलं नाही. पुढे चला."

७

दादाच्या नावावरचा शिक्का त्याच दिवशी पुसला गेला. अण्णावर गुन्हा नोंदवायचं ठरलं. लाँच जाणार हे माहीत असूनही हा माणूस मूग गिळून बसला, कुणाला साधा फोन करायचीही तसदी घेतली नाही, असंच निकालात लिहिलं गेलं.

सगळे घरी आले. मामा मागोमाग येऊन दादाच्या पायांशी बसले, रडले आणि चहा न घेताच गेले. दादा उठला. खुर्चीची पाठ त्याने भिंतीकडे केली आणि तोंड खिडकीकडे. पश्चिमेला ढग चढत होते. तो बघत राहिला, ओठ हलवत, विसरलेला पाठ आठवावा तसा.

माईने दिवा लावला. हात जोडले. वर्षभर जे मागितलं ते अक्षरन्‌अक्षर मिळालं होतं. त्याने खरं सांगितलं आणि कुणी ऐकलं नाही. तिला वाटलं होतं, आज गळ्यातून आपोआप स्तोत्र उमटेल. एकही ओळ आठवेना.

"वन्सं."

वहिनी दारात उभी होती. डोळे सुजलेले, पण पदर नीट खोचलेला.

"फोन केला म्हणाला तो. खरं असेल का हो?"

माईला खोटं बोलता आलं असतं. समोर दिवा नसता तर बोललीही असती.

"खरं आहे. धक्क्यावरच्या म्हाताऱ्याने मला सांगितलं होतं. एकदा वाजला होता."

"तुम्हाला माहीत होतं?" वहिनी आत आली. "मग तिथे का नाही बोललात?"

"दादाचंही खरंच होतं, वहिनी."

बाहेर वारा सुटला होता, खिडकीचं दार आपटत होतं. दादाने ते आपटू दिलं.

"तो सुटावा म्हणून नाही विचारत मी," वहिनी म्हणाली. "त्याने माझा संसार जाळला. जाऊ दे तुरुंगात, मी भेटायलाही जाणार नाही. पण मी आज सगळ्यांसमोर उठून खरं बोलले. माझा भाऊ होता, तरी बोलले. ते काय फक्त तुमच्या भावासाठीच होतं?"

ती बाहेर गेली. परत आली तेव्हा हातात फोन होता. अध्यक्षबाईंचा नंबर लावलेला.

"घ्या," ती म्हणाली, आणि फोन दिव्याशेजारी ठेवला.

माईने तो उचलून कानाला लावला. पलीकडे घंटा वाजू लागली. वाजत राहिली. दिव्याची वात एकदा आडवी झाली आणि पुन्हा उभी राहिली. कुणी उचलत नव्हतं. अण्णाने ठेवला तो इथेच कुठेतरी, दोन-चार घंटांनंतर, एवढंच माईच्या मनात आलं.

तिने फोन ठेवला नाही.